मुंग्या

शिंपीमास्तरांच्या रक्ताच्या कॅन्सरवर नव्या औषधाची चाचणी चालू होती. दर तपासणीला डॉक्टरबाई विचारायच्या, “बोटांना मुंग्या येतात?” “घरात साखर सांडली तरच!” मास्तर हसून वेळ मारून न्यायचे. खरं सांगितलं तर चाचणीतून नाव कापतील, ही त्यांची धास्ती. बायकोलाही त्यांनी शपथ घातली होती. रोज सकाळी ती गुपचूप सुया ओवून त्यांच्या कॉलरला टोचून ठेवायची. आज डॉक्टरबाईंच्या कोटाचं बटण लोंबत होतं. “मास्तर, एवढं लावून देता?” शेजारी बसलेल्या बायकोने कोट घ्यायला घाईने हात पुढे केला. मास्तरांनी ऐटीत कोट मांडीवर घेतला, कॉलरची सुई काढली आणि गप्पा मारत टाके घातले. दोरा दातांनी तोडून त्यांनी कोट पुढे केला. “बघा, आहे का कुठे मुंगी?” डॉक्टरबाईंनी बटणाकडे पाहिलंच नाही. सुई मास्तरांच्या अंगठ्यात रुतली होती, आणि त्यांना पत्ताच नव्हता.