एकमतानं मंजूर

ग्रामसभा पवनचक्कीच्या कंपनीच्या आवारात होती आणि आत जायला पास लागत होता. सरपंच विजयमालाबाईंकडे पास नव्हता.

"वरून सांगितलंय, ताई," फाटकावरचा अंगद म्हणाला. अंगद गावचाच. निवडणुकीत त्याच्या घरची सगळी मतं विजयमालालाच पडलेली. आता अंगावर कंपनीची निळी वर्दी होती आणि तो तिच्या चपलांकडं बघून बोलत होता. तिच्या मागं निम्मं गाव उभं होतं, त्यात बायाच जास्त.

मागची सभा मारुतीच्या पारावर झाली होती. कंपनीला गायरान द्यायचं का, असं विचारल्यावर एकही हात वर गेला नाही. कंपनीचा साहेब नुसता हसला होता. भांडला असता तर बरं, असं तिला तेव्हाच वाटलं होतं. माणसांना पाय ठेवायला जागा नव्हती, तरी कोरम भरला नाही म्हणून ग्रामसेवकानं सभा तहकूब केली. तहकूब सभेला कोरम लागत नाही, हे तहसीलदारांनी तिला नंतर फोनवर लेकराला समजावावं तसं समजावलं. पारावर ऊन लागतं, म्हणून जागाही बदलली.

तिनं आता तहसीलदारांनाच फोन लावला. फाटकाजवळच्या ऑफिसच्या खिडकीतून ते दिसत होते. त्यांनी खिशातून फोन काढला, नाव बघितलं, परत ठेवला आणि टेबलावरचा जग उचलून साहेबाच्या ग्लासात पाणी ओतलं. अख्खा तालुका ज्याच्या दारात तासन्‌तास ताटकळतो, तो माणूस सांडू नये म्हणून वाकून पाणी ओतत होता. विजयमालाला राग यायला हवा होता. तिला किळस आली.

म्हातारी कडूबाई फाटकाला झोंबली. मोडून आत जाऊ म्हणाली. पोलिसांची गाडी बाभळीखाली उभीच होती.

"न्हाई मावशे," विजयमाला म्हणाली. "त्यांना तेच पायजे. आपल्यावर केशी घालतेल आन् मोकळे व्हतेल."

ती तिथंच रस्त्यावर बसली. मागची माणसंही बसली. गायरान द्यायचं का, असं तिनं उन्हात मोठ्यानं विचारलं. कुणी हात वर केला नाही. नाही म्हणणारे किती, असं विचारलं तेव्हा सगळे हात वर गेले. पण लिहून घेणारा ग्रामसेवक आत होता. तेवढ्यात आतून टाळ्या ऐकू आल्या.

उपसरपंच मोहनराव पेढ्यांचं ताट घेऊन बाहेर आले. मागून साहेब आणि तहसीलदार आले. तहसीलदार दोन पावलं पुढं गेले, गाडीचं दार उघडून धरलं. साहेब मात्र थांबला. "मॅडम, आत यायचं ना," तो म्हणाला. "कूलर होता." मग तो गाडीत बसला.

गाडी गेल्यावर मोहनरावांनी ताट पुढं केलं. ठराव एकमतानं झाला, म्हणाले. आता जे झालं ते झालं, तोंड गोड करा.

"गावातले किती होते आत?" विजयमालानं विचारलं.

मोहनरावांनी ताट दुसऱ्या हातात घेतलं. "चौघं होतो."

"आन् टाळ्या?"

"त्या कंपनीच्या पोरांनी वाजवल्या."

तिनं पेढा उचलला. कडूबाईची शेळी तिच्यापाशीच उभी होती. विजयमालानं पेढा तिच्यापुढं धरला. शेळीनं तो कागदासकट खाल्ला आणि आणखी हवा म्हणून मोहनरावांच्या ताटाकडं मान लांबवली.

"घ्या लिवून," विजयमाला म्हणाली. "पाचवं मत."