चिंचेने घासलेलं सिंक

२००५च्या नाताळात हिमानी आणि तिचा नवरा सुशांत पुण्याला गेले, तेव्हा त्यांच्या अमेरिकेतल्या, नोव्हाय गावातल्या नव्या घराची किल्ली हिमानीच्या मैत्रिणीकडे, सुनेत्राकडे आली. सुनेत्रा अजून भाड्याच्या अपार्टमेंटमध्येच होती.

“झाडांना पाणी घाल. तांब्याचं सिंक मात्र घासू नकोस हं. काळवंडलेलंच क्लासी दिसतं ते, यार,” हिमानीने बजावलं होतं.

तांब्याचं, आणि काळं ठेवायचं? एवढं घर मिळालं, पण अक्कल नाही मिळाली! सुनेत्राने चिंच भिजवली, मीठ घेतलं आणि दात-ओठ खाऊन घासायला लागली.

काळा थर उतरला तसा तळाशी चेहरा उमटला. चेहरा सुनेत्राचाच होता. कानांत मात्र हिमानीच्या मोत्यांच्या कुड्या होत्या. सुनेत्राने चिंचेच्या हातांनीच कान चाचपले. ते मोकळेच होते.

सिंकमधल्या बाईने हात उचललेच नाहीत. मालकिणीने कामवालीकडे बघावं, तशी ती सुनेत्राकडे बघत राहिली.

तेवढ्यात बंद घराच्या हॉलमधून पुण्याला गेलेल्या सुशांतचा आवाज आला, “हिमानी, चहा टाकतेस ना?”

सुनेत्राला मान वळवता येईना. सिंकमधली बाई मात्र सावकाश वळली आणि सुनेत्राच्याच आवाजात म्हणाली, “हो, टाकते.”