आयते खडे

बाकीचे सगळे दुर्बिणीतून रोहित पक्षी बघत होते आणि मी कच्छच्या त्या उजाड किनाऱ्यावर बसून खड्यावर खडा रचत होते. नवं घर देतो म्हणून बिल्डरने आमची चाळ पाडली, त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून जाईन त्या देवळापाशी मी अशी उतरंड रचते, घर व्हावं म्हणून. इथे देऊळ नव्हतं, पण वाळूत एके ठिकाणी छान एकसारखे खडे आयते गोळा होऊन पडले होते.

आणखी एक ठेवला, तोच टिटवी किंचाळत डोक्यावर आली.

"हो बाजूला, मेले! अपशकुनी कुठली! एवढं वाळवंट पडलंय, तुला इथंच ओरडायचंय?"

ती हटेना. मी पदर गरागरा फिरवला. तेवढ्यात आमचे हे धावत आले. "अगं, खडे कुठून उचललेस?"

मी दाखवायला वाकले. उरलेल्या खड्यांच्या मधोमध, खड्यांसारखीच ठिपकेदार अंडी होती.

आयते कसले? तिने एकेक आणून मांडले होते. आणि मी निघाले होते त्यातून माझं घर मागायला! बिल्डरला घातलेल्या सगळ्या शिव्या मला आठवल्या.

उतरंड मोडून मी खडे होते तसे लावले. टिटवी ओरडतच होती.

"चल आता, लोक बघतायत," हे म्हणाले. "होईल ती गप्प."

"का म्हणून गप्प होईल?" मी कडाडले. "ओरडू दे तिला! आपली चाळ पाडली, तेव्हा एवढं कोण ओरडलं होतं?"