तुपावरचा आळ

"तुझ्या तुपानंच माझ्या भावाला दवाखान्यात आणलं, शेवंता!" वन्सं पुन्हा म्हणाल्या. खाटेवर आप्पा पडून होते. शेवंतानं मान खाली घातली. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या भाकरीवर तिनं हात सैल सोडूनच तूप वाढलं होतं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई रिपोर्ट घेऊन आल्या. "जिवावर बेतलं होतं, पण टळलं. कोलेस्टेरॉल म्हणाल तर अगदी नॉर्मल! हृदयविकाराचा झटका आलेल्या कितीतरी जणांचं तसंच निघतं. यांचा घात केला तंबाखूनं. ती आता बंद."

शेवंताचा जीव भांड्यात पडला. आप्पांच्या तळहातावर रोज तंबाखूची चिमूट कोण ठेवतं, हे तिला ठाऊक होतं. वन्संचा हात कमरेच्या चंचीवर गेला.

डॉक्टरीणबाई वळल्या, तसा आप्पांनी सवयीनं बहिणीपुढे तळहात पसरला. वन्संनी त्यावर फटकन चापटी मारली आणि तंबाखूची चंची शेवंताच्या पदरात टाकली.

"फेकून दे ही. आणि उद्या येताना भाकरी आण, भरपूर तूप लावून."

"अहो वन्सं, यांना कशी चालेल?"

"त्याला कशाला? मला!"