कडेला आलेलं बोट

मुखपृष्ठं करणाऱ्या ताईला भंगारात जुने फोटो सापडले म्हणजे घबाडच. आज चार मिळाले. माणसं वेगळी, काळ वेगळा, पण प्रत्येकाच्या कडेला फोटो काढणाऱ्याचं बोट आलेलं.

“सगळेच धांदरट!” धाकटी बहीण हसली.

ताईला मात्र चैन पडेना. तिने फोटो भिंतीवर लावले, सरकवले, पुन्हा सरकवले. कडा जुळल्या आणि बोटांवरचा पांढरा व्रण करंगळीपासून तर्जनीपर्यंत सलग झाला.

“आता अंगठा तेवढा राहिला,” धाकटी म्हणाली.

“गप गं! चल, भिंतीसमोर उभी राहा.”

ताईने फोन टेबलावर टेकवून टायमर लावला. दोघी हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

फोटो झकास आला. दोघींचे हात स्पष्ट दिसत होते.

फक्त कडेला अंगठा आला होता, आणि व्रण त्याच्यावर येऊन संपत होता.