दहावी नोंद

"नऊ?" मेट्रनबाईंनी वही टेबलावर आपटली. "वर्षानुवर्षं या वॉर्डात एकही पेशंट पडली नाही, आणि तुमचं हे पडण्याच्या नोंदींचं प्रोजेक्ट सुरू झाल्यावर महिन्यात नऊ?"

"आता जी पडते ती लिहून ठेवतेय, मॅडम. कुठे, कशामुळे पडली ते कळलं तर पुढची पडण्यापासून वाचेल," गावित सिस्टर म्हणाली.

मेट्रनबाईंना पटेना. पाणी कुठेतरी मुरत होतं. एकतर ही पोरगी निष्काळजी, नाहीतर प्रोजेक्ट गाजवायला आकडे फुगवतेय. त्या स्वतःच एकेका खाटेपाशी गेल्या. पहिलीने सुजलेलं कोपर दाखवलं. दुसरीने संडासाच्या ओल्या पायरीकडे बोट केलं. तिसरीनेही तिकडेच. साऱ्या जणी पढवलेल्या दिसतात, त्यांनी मनाशी म्हटलं.

शेवटच्या खाटेवर साखरेच्या आजारामुळे दरवर्षी भरती होणारी आजी होती. "काय हो आजी, तुम्हीही त्याच पायरीवर पडलात?" त्यांनी दरडावून विचारलं.

"यंदा नाही, बाई. गेल्या दिवाळीत पडले होते. तुम्हीच तर उचललंत, आणि म्हणालात, कुणाला सांगू नका."

गावित सिस्टरने वहीत दहावी ओळ आखली.

"तारीख आठवते, मॅडम?"