कडाव-दहिवलीचा तह

"साहेब, दोन देशांची दोस्ती झाली, तर कोण कुणाकडं राहायला जातं?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून जयवंतानं शाळा तपासायला आलेल्या साहेबांना थेट विचारलं. मागं पोरींनी पदरात तोंडं लपवली. साहेब मात्र खूश झाले. १९०४ साल होतं, नुकतीच इंग्लंड-फ्रान्सची दोस्ती झाली होती.

"शेकडो वर्षं भांडली बघ ती दोघं. आता याचा वकील, म्हणजे राजदूत, त्याच्याकडे राहतो आणि त्याचा याच्याकडे. एकानंच पाठवायचा नि दुसऱ्यानं नुसता ठेवून घ्यायचा, याला दोस्ती म्हणत नाहीत."

दहिवलीच्या घरी जयवंता उड्या मारतच पोचली. ओसरीवर कडावचे कोंडाजी सुपारी कातरत बसले होते. पणज्यांच्या वेळी हरवलेल्या एका बैलावरून दोन्ही घरांत अजून भांडण होतं. ते मिटवायला जयवंता कोंडाजींच्या मुलाला, सहदेवाला द्यायची, असं ठरत होतं. कडावला मुलींची शाळा नव्हती.

"पोरगी दिलीत की बैल विसरलो बघा," कोंडाजी म्हणाले. "दोस्ती पक्की."

जयवंताच्या वडलांनी, आबांनी मान डोलावली. दाराआडून आईनं लेकीकडं पाहिलं. आता ही रडणार, असं तिला वाटलं.

जयवंतानं पाटी खाली ठेवली, पदर खोचला.



"आबा, आये, माझं ठरलं. मी कडावला नांदायला जाते. फक्त त्याच दिवशी सहदेवाला इकडं नांदायला धाडायचं."